वारणेच्या उसाची नोंद आणि देशाच्या तयारीचा हिशेब

माहिती तंत्रज्ञानासाठी एखादा देश किती तयार आहे हे मोजायचे म्हटले, की मोजणारे बहुधा वरून सुरुवात करतात. शंभर माणसांमागे फोन किती, इंटरनेट किती घरांत, संगणक किती शाळांत, दूरसंचाराचे कायदे कसे आहेत, असे आकडे गोळा होतात. प्रत्येकाला भार दिला जातो, बेरीज होते आणि देशाला क्रमांक मिळतो. 'नेटवर्क्ड रेडिनेस इंडेक्स' या निर्देशांकात भारत २०१६ मध्ये १३९ देशांत ९१वा होता आणि २०२४ मध्ये १३३ देशांत ४९वा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या निर्देशांकात मात्र २०१७ साली हाच भारत १७६ देशांत १३४वा होता. देश एकच, पण मोजपट्ट्या दोन. संघाच्या त्या पट्टीत १०० पैकी ४० भार जोडणीला, ४० वापराला आणि २० कौशल्याला होता. 'नेटवर्क्ड रेडिनेस'च्या पट्टीत सॉफ्टवेअर सेवांची निर्यात, कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे शोधनिबंध, देशातली मोबाइल डेटाची वाहतूक हेही धरले जाते आणि २०२४ मध्ये निर्यात व शोधनिबंध या दोन्ही रकान्यांत भारत पहिला आला. बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांनी आणि संशोधकांनी कमावलेले हे गुण आहेत आणि ते खरे आहेत. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाडीलाही ते सरासरीतून मिळतात, अडचण तिथे आहे.

कोल्हापुरात व्यवस्थापन शास्त्र शिकवताना हा विषय आला, की मी विद्यार्थ्यांना क्रमवारीच्या तक्त्यापासून सुरुवात करू देत नाही. आपल्याच जिल्ह्यात घडलेले एक प्रकरण त्यांच्यापुढे ठेवतो. देशाच्या तयारीबद्दलचे बहुतेक प्रश्न त्यात आहेत आणि ते कागदावरचे नाहीत, उसाच्या फडातले आहेत.

वारणानगर, १९९८

मे १९९८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. खेड्यात संगणक नेऊन दाखवायचा, तर कुठे, हा प्रश्न आला तेव्हा पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरची निवड झाली. प्रकल्प 'वायर्ड व्हिलेज' या नावाने ओळखला गेला. कोल्हापूर आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली, वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावे त्यात धरली होती. खर्चाचा वाटा केंद्र सरकारचा ५० टक्के, महाराष्ट्र सरकारचा ४० टक्के आणि वारणेच्या शिक्षण मंडळाचा १० टक्के. तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होते.

वारणाच का? तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकाराचा पसारा तिथे होता. साखर कारखाना, दूध संघ, वारणा बझार, शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालय, अगदी मुलांचा वाद्यवृंदसुद्धा. गावोगावी सभासद, त्या सभासदांचा कारखान्याशी वर्षभराचा व्यवहार आणि या व्यवहारावर देखरेख ठेवणारी माणसे आधीपासून कामाला होती. निवड करणाऱ्यांनी हे सारे 'पाया' म्हणून मोजले. माझ्या मते हा पाया नव्हता, तयारीच ही होती. पुढे जे चालले आणि जे चालले नाही, दोन्हींचा उलगडा इथूनच होतो.

प्रकल्पाची उद्दिष्टे मोठी होती. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला मराठीतून पीकसल्ला मिळावा, बाजारभाव कळावेत, सरकारी योजना आणि दाखल्यांची माहिती मिळावी, जमिनीचे उतारे मिळावेत, मुलांना शिक्षणाच्या आणि नोकरीच्या संधी दिसाव्यात. शिवाय कारखान्याशी असलेला उसाचा सगळा व्यवहार तिथेच व्हावा. पन्नासच्या वर गावांत संगणक बसले आणि ते चालवायला गावातलीच तरुण मुले नेमली गेली.

कागदावरची तयारी

आता त्या काळच्या वारणा खोऱ्याला मोजपट्टी लावून पाहू. सन २००० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विकास केंद्राने विकसनशील देशांसाठी तयारी मोजण्याची एक मार्गदर्शिका काढली. तिची घडण मला अजूनही आवडते, कारण ती क्रमांक देत नाही. जोडणी, शिक्षण, समाज, अर्थव्यवहार आणि धोरण अशा ५ गटांत १९ विषय आणि प्रत्येक विषयाच्या ४ पायऱ्या. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे समाजाने स्वतःच वर्णने वाचून ठरवायचे. एखादा देश एका विषयात तिसऱ्या पायरीवर आणि दुसऱ्यात पहिल्या पायरीवर असू शकतो आणि ते तसेच ठेवायचे, बेरीज करायची नाही.

या पट्टीवर १९९८चे वारणा खोरे जवळपास सगळीकडे पहिल्या पायरीवर बसते. देशात तेव्हा शंभर माणसांमागे दोनच्या आसपास फोन होते आणि खेड्यात त्याहून कितीतरी कमी. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मोठ्या शहरांतून. खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायला परवानगी मिळाली ती थेट १९९८च्या अखेरीस. मराठी मजकुराची अवस्था तर अशी, की एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर तोच फॉन्ट नसेल तर वाचताच येत नसे. युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षर तसेच दिसेल अशी समान सांकेतिक पद्धत, घरोघरी पोचायला अजून बरीच वर्षे होती. वीज, दुरुस्ती करणारा माणूस, सुटे भाग, सगळ्याच बाबतीत हात आखडता.

म्हणजे पट्टीवर भरवसा ठेवला असता, तर वारणेत संगणक न्यायलाच नको होता. तरीही एक काम तिथे नेटाने चालले आणि वर्षानुवर्षे चालले, ते उसाच्या व्यवहाराचे.

उसात माहिती किती असते

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

ऊस लावला की सभासद कारखान्याकडे नोंद करतो. गट नंबर, क्षेत्र, जात, लावणीची तारीख. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तोडीला येतो, थंडी सरताना लावलेला सुरूचा ऊस वर्षभरात, आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला खोडवा त्याहून थोडा आधी. कारखाना चालतो तो दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत. एवढ्या थोड्या महिन्यांत हजारो लोकांचा ऊस तोडायचा, तर कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर हे ठरवायला लावणीची तारीख आणि जात हाच आधार. त्यालाच क्रमपाळी म्हणतात. पाळी चुकली आणि ऊस उभा राहिला की त्याला तुरे येतात, वजन घटते आणि पुढच्या खोडव्याचेही वेळापत्रक कोलमडते. तोडलेला ऊस रात्रभर फडात पडला तरी नुकसान असते. तोड मिळाली की तोडणाऱ्या मजुरांची टोळी येते, गाडी भरते, काट्यावर वजन होते, वजनाची चिठ्ठी निघते आणि तिच्यावरून बिल. मधल्या काळात कारखान्याकडून खत उचललेले असते, सोसायटीचे कर्ज असते, त्यांची कपात होते आणि उरलेले खात्यावर जमा होते.

या साखळीतल्या प्रत्येक कडीला शेतकऱ्याचा एक प्रश्न लटकलेला असतो. माझी नोंद बरोबर झाली का? तोड कधी? तोडीचा परवाना निघाला का? काल गेलेल्या गाडीचे वजन किती भरले? बिल किती, कपात कशाची? वर्षात कितीतरी वेळा हे प्रश्न पडतात आणि प्रत्येक उत्तराला पैशात किंमत असते. संगणक येण्याआधी उत्तरासाठी कारखान्याचे गट ऑफिस गाठावे लागे, नाहीतर थेट कारखाना. शेतातले काम टाकून, सायकल मारत किंवा एसटीची वाट बघत. चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, भेटला तर बरे, नाही भेटला तर उद्या परत.

आता कारखान्याची बाजू पाहा. प्रत्येक सभासदाला नंबर होता. प्रत्येक प्लॉटची नोंद वहीत होती. काट्यावरची चिठ्ठी प्रतींसह निघत होती. हिशेब न जुळल्यास विचारणारे शेतकी खाते होते आणि वार्षिक सभेत उभे राहून जाब मागणारे सभासद होते. म्हणजे संगणक येण्याआधीच माहितीला शिस्त लागलेली होती. कोणी काय नोंदवायचे, कोणी तपासायचे, चूक निघाली तर कोणाच्या सहीने दुरुस्त करायची, हे सगळे ठरलेले होते. संगणकाने फक्त वहीची जागा घेतली आणि उत्तर गावात आणले.

गावातल्या केंद्रावरचा मुलगा नोंद भरत असे, परवान्याचा, वजनाचा, खताचा आणि बिलाचा तपशील काढून देत असे. शेतकऱ्याने स्वतः कळफलकाला हात लावावा अशी गरजच नव्हती. कित्येकांनी लावलाही नाही. त्यांचा हेलपाटा मात्र वाचला.

जे चालले नाही

उसाबाहेरची उद्दिष्टे मात्र फारशी पुढे सरकली नाहीत. त्या केंद्रांचा पुढे अभ्यास करणाऱ्यांना हेच दिसले की संगणक मुख्यतः उसाच्या कामासाठीच वापरले जात होते, इंटरनेटसाठी नव्हे. यावर शहरातली एक प्रतिक्रिया ठरलेली असते: शेतकऱ्यांना इंटरनेटचे महत्त्व कळले नाही, जागृती कमी पडली, प्रशिक्षण द्यायला हवे होते. मला ही प्रतिक्रिया अन्यायाची वाटते. शेतकरी तयार नव्हता असे म्हणण्याआधी, केंद्रावरच्या संगणकाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले होते ते पाहायला हवे.

सातबाराचेच घ्या. गावातल्या केंद्रावर उतारा मिळावा ही कल्पना उत्तम होती. पण तेव्हा उतारा हाताने लिहिलेला असे, तलाठ्याच्या दप्तरात असे आणि त्याच्या सहीशिक्क्याशिवाय बँकेत चालत नसे. संगणकावरच्या सहीला कायद्याची मान्यता मिळाली ती माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा लोकांच्या हाती पडू लागला तो २०१८च्या मे महिन्यापासून. म्हणजे वारणेच्या केंद्रांनी जे द्यायचे ठरवले होते, ते देण्याची सरकारी यंत्रणेची तयारी व्हायला आणखी वीस वर्षे लागली. या वीस वर्षांत तारा आल्या, टॉवर आले. सातबारा थांबला तो तारेसाठी नव्हे, नोंदी तपासणे, जुन्या चुका दुरुस्त करणे, हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारा जुळवणे, फेरफाराची पद्धत बदलणे या कामांसाठी. हे काम कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही. आणि ज्या तलाठ्यांनी ते रात्री जागून केले, त्यांच्या कष्टालाही तिथे रकाना नाही.

बाजारभावाचेही तसेच. देशभरातल्या बाजार समित्यांचे भाव एकत्र देणारे ॲगमार्कनेट सुरू झाले २००० साली. त्याआधी केंद्रावर दाखवायला तसे भावच एका जागी नव्हते. शिवाय उसाला रोजचा भाव नसतो. केंद्र सरकार किमान दर ठरवते, पूर्वी तो एसएमपी (वैधानिक किमान किंमत) होता, २००९ पासून एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर). हाती पडणारा प्रत्यक्ष दर ठरतो तो आंदोलनात आणि बैठकीत, आणि तो गावात कोणालाही संगणकाविना कळतो. भाव रोज कळायला हवा होता तो गूळ काढणाऱ्याला, कारण कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात आणि दर हलता असतो. पण गुऱ्हाळवाला कारखान्याचा ऊसपुरवठादार नसेल, तर कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या केंद्रांत त्याची आठवण कोण ठेवणार?

पीकसल्ल्याबद्दल थोडक्यात. सल्ला लिहिणारा, तो मराठीत ठेवणारा आणि हंगामागणिक बदलणारा माणूस सतत लागतो. एकदा मजकूर भरून ठेवला की दुसऱ्या वर्षी तो शिळा होतो.

संगणक गेला, काम राहिले

या प्रकरणाचा पुढचा भाग मला सर्वांत शिकवणारा वाटतो. मधल्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमन सोसले. दिवसाचे कित्येक तास वीज नाही, मग संगणक असून नसल्यासारखा. यंत्रे जुनी झाली, दुरुस्ती महाग पडू लागली. २००६-०७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन शाखेतल्या संशोधकांनी वारणेबरोबर एक प्रयोग केला. ७ गावांत, ८ महिने. संगणकाच्या जागी मोबाइल फोन दिला आणि एसएमएसने कारखान्यातल्या संगणकाशी माहितीची देवाणघेवाण ठेवली. केंद्रातले संगणक जे जे करत होते ते सगळे त्या फोनने झाले. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही संगणकापेक्षा तेच जास्त आवडले. दुपारी वीज नसली तरी बिलाचा आकडा कळत होता, केंद्र बंद असले तरी फोन कोणाच्या तरी खिशात होता.

तयारी मोजणाऱ्याने इथे जरा थांबावे. संगणकाची संख्या हा तयारीचा निकष धरला, तर सातही गावांची तयारी या प्रयोगाने घटली. एका गावातला एक संगणक गेला, म्हणजे रकान्यात शून्य. प्रत्यक्षात सेवा सुधारली. काम स्थिर होते, साधन बदलले. मोजणी साधनाची केली तर निष्कर्ष उलटा निघतो. कामाची केली, म्हणजे शेतकऱ्याला आपले वजन किती वेळात, किती खर्चात आणि कोणाच्या मिनतवारीशिवाय कळते हे पाहिले, तर बरोबर निघतो.

यातून एकच प्रश्न मोजायला सर्वांत मोलाचा ठरतो असे मला वाटते: नागरिकाच्या समोरची संस्था तयार आहे का? आपण नागरिकाची तयारी मोजत राहतो, त्याच्याकडे फोन आहे का, त्याला वापरता येतो का, इंग्रजी कळते का. संस्थेच्या नोंदी खऱ्या आहेत का, त्या रोज अद्ययावत होतात का, चूक दुरुस्त करण्याचा अधिकार गावापासून किती लांब बसलेल्या माणसाकडे आहे, हे मात्र विचारत नाही. वारणेत नागरिक पहिल्या पायरीवर होता आणि संस्था तिसऱ्या. काम झाले. उलट जोडी असेल तर काम होत नाही, हे आज कोणत्याही सेवा केंद्राबाहेर 'सर्व्हर डाऊन आहे' ऐकत बसलेल्या, हातात चांगला स्मार्टफोन असलेल्या माणसाला विचारावे.

घराची सरासरी आणि घरातली माणसे

दुसरी गोष्ट मोजणीच्या एककाची. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. या आकड्यांत एकक आहे घर. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरतेची मोहीम घेतली, ६ कोटी घरांसाठी, दर घरी एक माणूस. घरातला एक शिकला की घर साक्षर.

पण घर म्हणजे कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३.३ टक्के निघाल्या, पुरुष ५७.१ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के. हे आकडे देशाचे आहेत, पण कोल्हापूरच्या खेड्यात त्यांचा अर्थ लगेच कळतो. फोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो. ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि तो एमआयडीसीत पाळीवर गेलेला असतो. अर्ज आईचा, पेन्शन सासूची, आणि दिवसभर सगळे त्याच्या सुट्टीची वाट बघत. या घरात फोन आहे, रेंज आहे, डिजिटल साक्षर माणूसही आहे. तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण आहे आणि काम सोमवारपासून अडलेले आहे.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. ते मुलांच्या नावाने लागू होते, मूल शाळेत येते की नाही हे पाहिले जाई. घरटी एक मूल शिकले म्हणजे पुरे, असा हिशेब त्यांनी केला नाही. शंभर वर्षांनंतर आपण घरटी एकावर समाधान मानावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ताजी कसोटी: ई-पीक पाहणी

वारणेवरून काढलेला निष्कर्ष आजही टिकतो का, हे तपासायला ई-पीक पाहणीसारखे दुसरे उदाहरण नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरच्या ॲपमधून आपल्या पिकाची नोंद करायची, पिकाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह जोडायचा, असे ठरले. आधी ही नोंद तलाठी करत असे, आणि ती अनेकदा चावडीत बसून होते अशी तक्रार होती. स्वतःच्या पिकाची नोंद स्वतःच्या हातात, हा विचार मला फार पटतो. पीक विमा, कर्ज, नुकसानभरपाई, सगळे त्या नोंदीवर.

पण ॲपची बांधणी कशी बदलत गेली ते पाहा. एका मोबाइलवरून सुरुवातीला २० खातेदारांची नोंद करता येत होती, ती मर्यादा पुढे ५० वर नेली. नोंद झाल्यावर ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करण्याची सोय आली. शेतकऱ्याला मदत करायला गावपातळीवर सहायक देण्यापर्यंत गोष्ट आली. याचा अर्थ साधा आहे. प्रत्येक खातेदाराकडे स्मार्टफोन असेल आणि तो तो चालवेल हे गृहीत पहिल्याच खरिपात टिकले नाही. गावाने आपला उपाय शोधला, एका चुणचुणीत पोराने गल्लीतल्या सगळ्यांची नोंद करून दिली, आणि व्यवस्थेने त्या पोराला जागा करून दिली. वारणेच्या केंद्रावरचा मुलगा तेवीस वर्षांनी असा परत आला. निर्देशांक अशा मधल्या माणसाला कमतरतेची खूण समजतात. मी त्याला यंत्रणेचा भाग समजतो, फक्त तो कोणाला उत्तरदायी आहे हे ठरलेले हवे. वारणेत तो कारखान्याला आणि त्यातून सभासदांना उत्तरदायी होता. ॲपच्या बाबतीत चुकीच्या गटावर चुकीचे पीक चढले, तर विचारायचे कोणाला?

आणि आपल्या भागाची एक वेगळी अडचण. ॲप शेतकऱ्याला गटाच्या मध्याजवळ जायला सांगते. भाताच्या खाचरात ते जमते. ऑगस्टात दोन पुरुष उंच वाढलेल्या आडसालीत, चिखलात, पानांच्या कुसळांतून आत कोण शिरणार? गगनबावड्याच्या बाजूला पाऊस आणि धुके, शिवाय फोटो शेतात काढायचा आणि रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन पाठवायचा. या गोष्टी मुंबईत बसून सुचणार नाहीत आणि त्यासाठी मुंबईला दोष देण्यात अर्थ नाही. पण तयारीची पाहणी त्या खरिपाच्या आधी एखाद्या ऊसवाल्या आणि एखाद्या डोंगरी गावात झाली असती, तर या अडचणी आठवड्याभरात समजल्या असत्या.

पाहणी कधी करायची हेही महत्त्वाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, वीज गेली, वीज गेल्यावर फोनही गेले. जानेवारीत मोजलेली जोडणी आणि ऑगस्टातली जोडणी एक नाही, आणि माहितीची गरज सर्वांत जास्त असते ती ऑगस्टातच.

जिथे कारखाना नाही

वारणेच्या प्रकरणाची मर्यादाही सांगायला हवी. तिथे एक बळकट संस्था आधीपासून होती, तिच्याकडे पैसा होता आणि सभासदांचा तिच्याशी वर्षभराचा व्यवहार होता. गगनबावडा किंवा चंदगडच्या दुर्गम वाडीत असे चित्र नाही. ऊस थोडा, भात-नाचणी घरापुरती, तरुण माणसे मुंबई-गोव्याला. तिथे 'संस्था तयार आहे का' या प्रश्नाला पहिले उत्तर 'कोणती संस्था?' असेच येईल.

माझ्या विद्यार्थ्यांना अशा वाडीची पाहणी करायची असली, की मी त्यांना टॉवरपासून किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकापासून सुरुवात करू नका असे सांगतो. सकाळी सहाला दूध संस्थेत जा. म्हैस एक-दोन असली तरी दूध घालायला माणूस येतोच. फॅट लागते, चिठ्ठी निघते किंवा वहीत आकडा पडतो, दहा दिवसांनी बिल होते. कोण दूध घालायला येते, खाते कोणाच्या नावावर आहे, फॅट कमी लागली असे वाटले तर बाई विचारते का आणि तिला आकडा दाखवला जातो का, बिल खात्यावर जमा झाल्याचा संदेश कोणाच्या फोनवर येतो, वीज नसली की सेक्रेटरी काय करतो, हे सलग दोन बिलांच्या काळात लिहून काढा. मगच ग्रामपंचायतीत जाऊन ऑप्टिकल फायबर आली का ते विचारा, आणि आली असेल तर त्या आठवड्यात तिच्यावरून कोणाचे कोणते काम झाले, त्याची नोंद दाखवायला सांगा.